वाघ होणाऱ्या मुलाची गोष्ट: पालघरच्या लोककथेतून ग्राफिक कादंबरी कशी घडू शकते?

थोडक्यात

- ग्राफिक कादंबरी म्हणजे चित्रांच्या चौकटींमधून सांगितलेली सलग, पूर्ण लांबीची गोष्ट.
- पालघर परिसरातल्या वारली समाजात वाघोबाची कथा सांगितली जाते. तिचा नायक वाघाचं रूप घेणारा मुलगा आहे. कथा लढाईने संपत नाही, गाव आणि वाघ यांच्यातल्या कराराने संपते.
- आदिवासी कथा किंवा चित्रशैली घेऊन केलेल्या ग्राफिक कादंबऱ्या भारतात आहेत. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (१९९४) आणि ‘भीमायन’ (२०११) ही त्यातली दोन महत्त्वाची नावं.
- लोककथा वापरायला कायदा फारसा अडवत नाही. त्यामुळे कथा कुणाकडून घेतली, कुणाला विचारलं आणि नाव कुणाचं छापलं, हे प्रश्न लेखक-चित्रकारांनी स्वतःच सोडवावे लागतात.

ग्राफिक कादंबरी आणि कॉमिक यात फरक काय?

तंत्र एकच आहे: चौकटी, संवादाचे फुगे, निवेदनाच्या पट्ट्या. फरक लांबीचा आणि आवाक्याचा. कॉमिकचा अंक बऱ्याचदा ३०-३२ पानांत संपतो किंवा पुढच्या अंकात चालू राहतो. ग्राफिक कादंबरी एकाच पुस्तकात पात्रं उभी करते, त्यांना बदलू देते आणि गोष्ट शेवटाला नेते.

मराठी घरांत चित्रांतून गोष्ट वाचण्याची सवय जुनी आहे. १९५२ पासून ‘चांदोबा’ आला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि पुराणकथा, इतिहास, लोककथा ३२ पानांत बसवायचा एक साचाच तयार झाला. या पुस्तकांचा वाचक लहान मुलगा धरलेला असायचा. साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकासाठीचं, म्हणजे कुमार वयाचं लेखन ही वेगळी गोष्ट आहे. या वयात मुलांना फक्त बोध नको असतो. आपण कोण, घरच्यांना आपली लाज वाटते का, आपल्या अंगातल्या बदलांचं काय करायचं, असे प्रश्न त्यांना पडलेले असतात.

वाघोबाची गोष्ट काय आहे?

वाघोबा किंवा वाघदेव हा वारली समाजाच्या महत्त्वाच्या देवांपैकी एक. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत, तसंच मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या पाड्यांवर त्याची ठाणी दिसतात. लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, त्याला शेंदूर, बऱ्याच ठिकाणी सोबत चंद्र आणि सूर्य. इथे ‘वाघ’ म्हणताना पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. आज या भागात प्रत्यक्षात वावर आहे तो बिबट्याचा.

कथेचे तपशील पाड्यागणिक बदलतात, पण गाभा साधारण असा आहे. एका बाईला लग्नाआधी मूल होतं. मुलगा इतरांसारखाच वाढतो, पण तो वाघाचं रूप घेऊ शकतो. गावातली गुरं मारली जाऊ लागतात. हे कुणाचं काम आहे ते कळल्यावर गाव चिडतं, त्याला संपवायची भाषा सुरू होते. तेव्हा आई मध्ये पडते. मुलाने जंगलात राहायचं, गावाने त्याला मान द्यायचा, त्याचं ठाणं मांडायचं आणि वर्षातून एकदा त्याचा वाटा द्यायचा, असं ठरतं. हा वाटा वाघबारशीला दिला जातो. अश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी इतरत्र वसुबारस असते, तेव्हा वाघबारस साजरी होते.

वारली आणि वाघोबा यांच्या नात्यावरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून वाघोबाच्या दीडशेहून जास्त ठाण्यांची नोंद करण्यात आली. बिबट्यांच्या शेजारी राहणारी माणसं त्याच्याकडे फक्त धोका म्हणून पाहत नाहीत. आपण आपला शब्द पाळला, तर तोही आपल्याला सांभाळेल, अशी श्रद्धा आहे. बिबट्याने कधी शेळी किंवा कोंबडी नेली, तरी या श्रद्धेमुळे ते नुकसान सोसायला एक चौकट मिळते.

याला फँटसी म्हणायचं का?

वाचक म्हणून पाहिलं, तर फँटसीला लागणारं सगळं इथे आहे. रूप बदलणारा नायक आहे, जंगलाची सीमा आहे, गुपित आहे, गावाचा राग आहे. आपलं शरीर आपल्या ताब्यात नाही, आपल्यातल्या ताकदीची आपल्यालाच भीती वाटते, हा अनुभव चौदा-पंधरा वर्षांच्या कुणालाही सांगावा लागत नाही.

पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. जे वाघबारस पाळतात त्यांच्यासाठी ही कल्पित कथा नाही, देवाची कथा आहे. पुस्तकाच्या दुकानात ती फँटसीच्या फळीवर ठेवली, तरी ज्यांच्याकडून ती आली त्यांच्या घरी ती देवघरातली आहे. हे ध्यानात ठेवून काम करता येतं. जगात तशी उदाहरणं आहेत.

चिनी वंशाचे अमेरिकी लेखक जीन लुएन यांग यांनी ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ (२००६) या ग्राफिक कादंबरीत वानरराजाची जुनी कथा आणि अमेरिकेतल्या शाळेत एकट्या पडलेल्या मुलाची गोष्ट शेजारी-शेजारी मांडली. कुमार साहित्यासाठीचं प्रतिष्ठेचं प्रिन्ट्झ पारितोषिक तिला मिळालं. ट्रंग ली न्यूयेन यांच्या ‘द मॅजिक फिश’ (२०२०) मध्ये व्हिएतनामी घरातला मुलगा आईसोबत परीकथा वाचतो आणि स्वतःबद्दल जे शब्दांत सांगता येत नाही, ते त्या कथांच्या आधाराने सांगू पाहतो. दोन्ही पुस्तकांत लोककथा शोभेला नाही. ती काढली तर गोष्टच उरत नाही.

वारली चित्र गोष्ट कशी सांगतं?

वारली चित्र मुळात भिंतीवरचं. गेरू किंवा शेणमातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. लग्नचौकाच्या मध्ये पालघट देवी असते, देवचौकात पाच शिरांचा देव. म्हणजे इथे चित्र आणि कथा-गाणं कधी वेगळं नव्हतंच. सुगीच्या वेळी घांगळी या वाद्याच्या साथीने धान्यदेवता कणसरीची कथा गायली जाते, तीही याच परंपरेतली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी दिलेल्या कागदामुळे हे चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ते जगभर नेलं. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या ‘मॅजिसियां द ला तेर’ प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे यांनी लोककथाही रंगवल्या. जिव्या आणि बाळू म्हसे यांची चित्रं आणि वारली दंतकथा एकत्र आणणारं एक पुस्तक मुंबईच्या केमोल्डने प्रकाशित केलं होतं.

आता ग्राफिक कादंबरीच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. पारंपरिक वारली चित्रात क्षितिज नसतं आणि जवळचं मोठं, लांबचं लहान असा नियम नसतो. एकाच चित्रात पेरणी, लग्न, शिकार आणि तारप्याचा नाच एकाच वेळी चालू असतो. नजर कुठूनही आत शिरते आणि हवी तशी फिरते. ग्राफिक कादंबरीत याच्या उलट घडतं. पान तुकड्यांत कापलेलं असतं. मराठीत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा क्रम ठरलेला असतो. वारली चौकाच्या चौकोनात देवता बसते. कॉमिकच्या चौकटीत वेळ बसते.

म्हणून त्रिकोणी अंगाची माणसं चौकटीत कोंबली की ‘वारली ग्राफिक कादंबरी’ झाली, असं होत नाही.

हा पेच आधी कुणी सोडवला?

ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये कल्पवृक्ष संस्थेच्या साहाय्याने प्रसिद्ध झालं. अनेक जण याला भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी मानतात. विषय नर्मदेवरच्या धरणाचा आणि विस्थापनाचा. त्यात दोन प्रवाह आहेत: मालगू गायन हा गायक सृष्टी आणि नदी कशी जन्मली ते गातो, आणि दिल्लीचा एक तरुण पत्रकार खोऱ्यात फिरून माहिती गोळा करतो. दोन्हींची रेषा वेगळी ठेवली आहे. पुराणकथेच्या पानांवर चौकटी सैल होतात, आजच्या पानांवर त्या घट्ट राहतात. २०२२ मध्ये ब्लाफ्ट या प्रकाशनाने ते पुन्हा छापलं.

‘भीमायन’ (नवयान, २०११) मध्ये डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी माणसांना खोक्यांत बसवायला नकार दिला. चौकटींऐवजी दिग्ना नावाची गोंड नक्षी पानाचे भाग पाडते. प्रेमळ बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शैली फक्त सजावटीला नव्हती, तिने कॉमिकचं व्याकरणच बदललं.

वारली शैलीतही पुस्तकं झाली आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘डू!’ (२००९) हे क्रियापदांचं चित्रपुस्तक रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या घरच्यांनी चितारलं आहे. त्यात एका पानावर एकच क्रिया करणारी कितीतरी माणसं दिसतात. गर्दीतून अर्थ सांगायची वारली चित्राची ताकद तिथे नेमकी वापरली आहे.

वाघोबाचं एक पान कसं असू शकेल?

मुलगा वाघ होतो, तो क्षण घ्या. स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) मध्ये एक गोष्ट समजावून सांगितली आहे: कॉमिकमधली बरीचशी घटना दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत घडते, कारण तिथे वाचक स्वतः कल्पना करतो. पहिल्या चौकटीत झाडीत शिरणारा मुलगा, दुसऱ्या चौकटीत झाडीतून निघणारा वाघ. बदल दाखवलाच नाही, तरी तो दिसतो.

दुसरा मार्ग वारली पद्धतीचा. संपूर्ण पानावर एकच जंगल. त्यात तोच मुलगा पाच-सहा ठिकाणी: एका झाडाखाली माणूस, पुढच्या वळणावर पाठ थोडी वाकलेली, नाल्यापाशी शेपूट, टेकडीवर वाघ. वारली माणसाचं धड टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं असतं. ते आडवं केलं की चार पायांच्या प्राण्याच्या अंगाकडे सरकतं. म्हणजे रूपांतर शैलीच्या आतूनच करता येतं, वेगळ्या क्लृप्त्या लागत नाहीत.

गावाच्या सभेचं पान मात्र चौकटींचं असू शकतं: एकेक चेहरा, एकेक आरोप, आणि आईला मिळणारी जागा पानागणिक लहान होत जाते. जंगल मोकळं, गाव चौकटीत. वाचकाला कुणी समजावून न सांगता कळतं की हा मुलगा कुठे मावतो आणि कुठे मावत नाही.

शेवट बदलला तर काय बिघडतं?

बाजारातल्या फँटसीला दोन शेवट आवडतात. एक, राक्षसाला मारलं. दुसरा, शाप उतरला आणि तो पुन्हा माणूस झाला. वाघोबाच्या कथेत यातलं काहीच होत नाही. मुलगा वाघच राहतो. गाव गावच राहतं. कुणी जिंकत नाही. दोघांनी एकमेकांना किती जागा द्यायची, एवढंच ठरतं आणि ते दरवर्षी नव्याने पाळावं लागतं.

एखाद्या संपादकाला हा शेवट मवाळ वाटू शकतो. ‘शेवटी एक मोठी लढाई टाका’ असा सल्ला येऊ शकतो. पण ती टाकली की कथा वाघोबाची राहत नाही. बिबट्या अंगणापर्यंत येतो अशा ठिकाणी राहणाऱ्या लोकांनी भीती, नुकसान आणि शेजार यांचा हिशेब या करारात बसवला आहे. वाघाला खलनायक केलं, तर पुस्तक त्या लोकांना उलटच गोष्ट सांगू लागेल. शिवाय आईचं कामही पुसलं जाईल. ज्या बाईला गावाने आधी नावं ठेवली असतील, तीच गाव आणि जंगल यांच्यात बोलणी करते. कुमार वाचकासाठी ती मुलाइतकीच मोठी नायिका आहे.

पालघरमध्ये हा विषय आत्ता का महत्त्वाचा?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारलींसोबत कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर असे समाज इथे आहेत.

याच जिल्ह्यात १९६९ पासून तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, बोईसरजवळची तारापूर औद्योगिक वसाहत आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला नियोजित आहे आणि डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. कुणाला किती जागा, हा वाघोबाच्या कथेतला प्रश्न इथे रोजच्या बातम्यांमधला आहे. बोईसरच्या वर्गात कारखान्यांमुळे बाहेरून आलेल्या घरांतली मुलं आणि जवळच्या पाड्यांवरची मुलं शेजारी बसतात. यातल्या एका मुलाला वाघोबा घरचा आहे, दुसऱ्याला तो माहीतच नाही. दोघांनी एकत्र वाचावं असं पुस्तक करायला ही जागा चांगली आहे.

कथा आणि चित्रांवर हक्क कुणाचा?

*लोककथा:* भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) विशिष्ट लेखकाच्या विशिष्ट अभिव्यक्तीला संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथेचा ज्ञात लेखक नसतो, त्यामुळे कथानक कुणीही वापरू शकतं.

*कुणी लिहिलेली आवृत्ती:* एखाद्या संग्रहातलं पुनर्कथन त्या लेखकाचं असतं. ते परवानगीशिवाय उचलता येत नाही.

*चित्र:* प्रत्येक वारली चित्राचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नेटवर सापडलेलं चित्र ‘पारंपरिक’ आहे म्हणून फुकट होत नाही.

*गायलेली कथा:* कुणाचं गाणं किंवा कथन रेकॉर्ड करायचं असेल, तर सादर करणाऱ्याचे वेगळे हक्क असतात.

*‘वारली चित्र’ हे नाव:* वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्यासाठी डहाणू परिसरातल्या आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला. जीआय नावाच्या वापराला संरक्षण देतं. त्रिकोण-वर्तुळं काढायला ते कुणाला मनाई करत नाही.

कायद्याच्या जाळीत मोठी भोकं आहेत, हे यावरून दिसतं. जाहिराती, कपडे, भेटवस्तू यांवर वारली आकृत्या सर्रास दिसतात. २०१० मध्ये कोका-कोलाच्या दिवाळी मोहिमेतही त्या होत्या. आकृती सगळ्यांना ओळखू येते, चित्रकाराचं नाव कुणालाच आठवत नाही. ग्राफिक कादंबरी पुस्तक असल्यामुळे तिच्या मुखपृष्ठावर नाव छापायला जागा असते. हा तिचा फायदा आहे.

अमेरिकेत २०१० मध्ये आलेला ‘ट्रिकस्टर’ हा संग्रह या बाबतीत पाहण्यासारखा आहे. मॅट डेम्बिकी यांनी संपादित केलेल्या या पुस्तकात मूलनिवासी समाजांच्या वीसहून अधिक कथा कॉमिकरूपात आहेत. कथा त्या समाजांतल्या कथेकऱ्यांनी सांगितल्या आणि आपल्या कथेसाठी चित्रकार निवडण्यातही त्यांना वाव होता.

अशी कादंबरी करायची असेल तर

१. आधी ऐका. एकाच पाड्यावर थांबू नका, कथेची दोन-तीन रूपं गोळा करा. फरक कुठे पडतो ते लिहून ठेवा, त्यातच पात्रं सापडतात.

२. काय दाखवायचं नाही, ते विचारा. काही विधी आणि गाणी ठरावीक वेळीच म्हणायची असतात. भगताने किंवा धवलेरीने ‘हे नको’ म्हटलं, तर ते पानावर येऊ नये.

३. वारली चित्रकार सोबत घ्या, आणि पटकथेपासून घ्या. तयार पटकथेवर ‘शैली’ मागितली की नक्षी मिळते, गोष्ट मिळत नाही.

४. करार लेखी करा. मानधन, रॉयल्टी, मुखपृष्ठावरचं नाव आणि पुढे चित्रपट किंवा मालिका झाल्यास वाटा किती, हे सुरुवातीलाच ठरवा.

५. भाषा ठरवा. वारली बोली मराठीच्या जवळची आहे, पण तिचे स्वतःचे शब्द आणि लय आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वारलीत, असा मेळ जमू शकतो. चित्र शेजारी असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ बऱ्याचदा लागतो.

६. छापण्याआधी कच्ची पानं पाड्यावर वाचून दाखवा. पटकथा, कच्चा आराखडा, पेन्सिल, शाई, अक्षरलेखन हे टप्पे असतात. आराखड्याच्या टप्प्यावर बदल स्वस्तात होतात, शाईनंतर नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वारली नसलेल्या व्यक्तीने ही कथा करू नये का?*
कायद्याने मनाई नाही. कथा सांगणाऱ्यांना विचारणं, त्यांचं नाव आणि मोबदला देणं, आणि कथेचा अर्थ उलटा न करणं, एवढं पाळलं तर बरेच वाद होतच नाहीत.

*प्रत्येक वारली लोककथा मुलांसाठी योग्य असते का?*
नाही. काही कथांत मृत्यू, हिंसा, फसवणूक स्पष्ट येते. कुमार वाचक ते पेलू शकतो. फक्त लहान मुलांच्या पुस्तकासारखी जाहिरात करू नये.

*वाघोबाऐवजी दुसरी कथा घ्यायची असेल तर?*
कणसरीची कथा आहे. जव्हार-मोखाडा भागातल्या बोहाड्याचे मुखवटेही आहेत. बोहाड्यात प्रत्येक मुखवटा एक पात्र असतो आणि तो ठरलेल्या क्रमाने समोर येतो, त्यामुळे त्याला चौकटींचं माध्यम सहज मानवतं.